खरेदी एकत्र, निवड ज्याची त्याची : तमिळनाडूच्या औषध महामंडळाचा प्रकरण अभ्यास

सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही याचे कारण सरकारकडे पैसा नाही, असे आपण सहज म्हणतो. ते निम्मेच खरे असते. एका जिल्ह्याच्या औषध भांडारात एखाद्या प्रतिजैविकाची खोकी मुदत संपून पडून असतात, आणि त्याच आठवड्यात चाळीस किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर त्याच औषधाची चिठ्ठी लिहून रुग्णाच्या नातेवाइकाला समोरच्या मेडिकलवर धाडतो. दोन्ही ठिकाणचा पैसा एकाच तिजोरीतून आलेला असतो. अडचण पैसा कोणी, कधी, कोणाच्या मागणीवरून आणि कोणाला दिला यात असते. ही अडचण एका राज्याने कशी सोडवली, त्यातले काय टिकले आणि काय अपुरे राहिले, याचा हा आढावा आहे. राज्य तमिळनाडू आणि संस्था तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ. कंपनी कायद्याखाली 1 जुलै 1994 रोजी तिची नोंदणी झाली आणि जानेवारी 1995 पासून तिने औषधांचे प्रत्यक्ष वितरण सुरू केले.

या महामंडळाचे नाव निघाले की ‘घाऊक खरेदीमुळे औषधे स्वस्त झाली’ एवढेच बहुतेकांना आठवते. स्वस्ताई झाली, यात शंका नाही. परंतु या प्रकरणाचे मर्म मला त्यात दिसत नाही. दवाखान्यांनी खरेदीचा अधिकार सोडला, पण निवडीचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवला गेला, आणि पुरवठादाराला आपले देयक वेळेवर मिळेल असा भरवसा आला, या दोन गोष्टींवर ही व्यवस्था उभी राहिली. दर उतरले ते या दोन्हींच्या पाठोपाठ.

आधीची घडी

महामंडळापूर्वीची पद्धत महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. वैद्यकीय शिक्षण, रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य ही संचालनालये आपापली खरेदी करीत. दरकरार होत, म्हणजे एखाद्या औषधाचा दर वर्षभरासाठी ठरे आणि त्या दराने मागणी नोंदवण्याचे काम खालच्या कार्यालयांकडे जाई. कागदावर ही एकत्रित खरेदीच दिसते, पण प्रत्यक्षात तसे नसते. दर ठरवताना एकूण किती माल लागणार हे पुरवठादाराला ठाऊक नसते, त्यामुळे मोठ्या मागणीपोटी मिळायची सूट तो देत नाही. मागण्या शेकडो ठिकाणांहून सुट्या सुट्या येतात, माल शेकडो ठिकाणी पोचवावा लागतो आणि देयकांसाठी शेकडो टेबलांपुढे उभे राहावे लागते. जिथून पैसे लवकर सुटतात तिथे माल आधी जातो. दुर्गम तालुक्यातली मागणी शेवटी राहते, आणि तिथला वैद्यकीय अधिकारी स्मरणपत्रे लिहीत राहतो.

औषधांची यादीही अवाढव्य होती. एकाच गुणाची चार-पाच औषधे, त्यांची वेगवेगळी प्रमाणे, व्यापारी नावांनी मागवलेली मिश्रणे. यादी जितकी लांब, तितकी प्रत्येक औषधाची मागणी कमी आणि दर चढा. गोळ्या हजाराच्या डब्यांतून येत आणि खिडकीवर कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जात. डबा एकदा उघडला की ओल, हाताळणी आणि हिशेब या तिन्ही बाबी बेभरवशाच्या होत. घरी गेलेल्या पुडीवर ना औषधाचे नाव, ना बॅच, ना मुदत.

नव्वदीच्या सुरुवातीला खरेदीतल्या गैरव्यवहारांवरून टीका वाढली आणि राज्य सरकारने खरेदीचे काम संचालनालयांकडून काढून एका स्वतंत्र कंपनीकडे सोपवण्याचे ठरवले. कंपनी सरकारचीच, व्यवस्थापकीय संचालक भारतीय प्रशासन सेवेतला, परंतु काम एकच: औषधे आणि वैद्यकीय सामग्री घेणे, साठवणे, तपासणे आणि पोचवणे. रुग्ण तपासण्याचे वा औषध बनवण्याचे काम तिच्याकडे नव्हते. हा एकमार्गीपणा वरवर किरकोळ वाटतो. पुढे महाराष्ट्राकडे वळल्यावर त्याची किंमत लक्षात येईल.

यादीला कात्री

कंपनीने निविदा काढण्याआधी यादी कापली. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श यादी 1977 मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्या धर्तीवर, राज्यातल्या डॉक्टरांची समिती बसवून, शास्त्रीय नावांनी सुमारे अडीचशे औषधांची यादी तयार झाली. दिल्ली सरकारनेही 1994 मध्येच असे धोरण स्वीकारले होते, त्यामुळे त्या काळात हा विचार हवेत होता असे म्हणता येईल. मोठ्या रुग्णालयांतील विशेषज्ञांसाठी वेगळी यादी ठेवण्यात आली.

यादी कापणे हे तांत्रिक काम नव्हे. ज्याचे आवडते औषध यादीबाहेर जाते तो डॉक्टर रागावतो, आणि त्याच्या रागामागे कधी वैद्यकीय कारण असते, कधी सवय असते, तर कधी कंपनीचा प्रतिनिधी असतो. यावर महामंडळाने योजलेला उपाय व्यवहारी होता. औषधांच्या तरतुदीचा सुमारे दहावा हिस्सा संस्थांच्या हाती स्थानिक खरेदीसाठी ठेवण्यात आला आणि बाकीचा महामंडळाकडे वळवला गेला. तातडीच्या किंवा यादीबाहेरच्या गरजेसाठी एवढी फट ठेवल्यामुळे मुख्य व्यवस्थेवरचा दाब कमी झाला. फट फार रुंद केली असती तर जुनी घडी परत आली असती, आणि ती ठेवलीच नसती तर पहिल्याच साथीत रुग्णालयांनी बंड केले असते.

पासबुक

आता या प्रकरणातल्या सर्वांत साध्या आणि, माझ्या मते, सर्वांत हुशार वस्तूकडे येऊ. महामंडळाने प्रत्येक संस्थेला, मग ते जिल्हा रुग्णालय असो की प्राथमिक आरोग्य केंद्र, एक पासबुक दिले. बँकेचे असते तसेच. त्यात त्या संस्थेच्या वाट्याची वर्षाची रक्कम जमा दाखवलेली असते. संस्थेची गाडी ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या गोदामावर जाते, औषध निर्माण अधिकारी (फार्मासिस्ट) मागणीपत्रक देतो, माल मोजून घेतो आणि त्या मालाची किंमत पासबुकात खर्ची पडते. उरलेली शिल्लक दोघांच्याही डोळ्यांसमोर असते.

केवळ समजण्यासाठी आकडे धरून पाहू. एका आरोग्य केंद्राच्या पासबुकात वर्षाला चार लाख रुपये आहेत. त्या केंद्राच्या पट्ट्यात पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात आणि भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे. तिथला वैद्यकीय अधिकारी जूनच्या फेरीत ओआरएसची पाकिटे, सलाईन आणि सर्पविषावरचे इंजेक्शन जास्त उचलतो आणि खोकल्याचे औषध कमी घेतो. शेजारचे केंद्र कारखान्यांच्या वस्तीजवळ आहे. तिथे त्वचारोग आणि जखमांवर मलमपट्टी हे नित्याचे काम, म्हणून ते केंद्र मलमे आणि बँडेज घेते. दोघांचा दर एकच, गोदाम एकच, निविदा एकच. फक्त काय आणि किती घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

जुन्या पद्धतीत हे उलट होते. वरून साठा येई आणि खालच्याने तो उतरवून घ्यायचा असे. मार्चच्या अखेरीस निधी संपवण्यासाठी घेतलेला माल केंद्रांच्या माथी मारला जाई, तो कपाटात जाई आणि दोन वर्षांनी मुदतबाह्य म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे हिशेबातून काढून टाकायच्या मालाच्या, यादीत येई. आमच्याकडच्या एका तालुक्याच्या ठिकाणी, नाव सांगण्याचे कारण नाही, मी अशा कपाटाची यादी पाहिली आहे. तीत जीवनसत्त्वाची इंजेक्शने हजारांनी होती आणि ‘प्राप्त’ या रकान्यापुढच्या ‘मागणी’ या रकान्यात आडवी रेघ होती. कोणी मागितलेच नव्हते. पासबुकामुळे अशी रेघ ओढता येत नाही, कारण मागितल्याशिवाय शिल्लक कमी होत नाही, आणि नको असलेला माल घेतला तर हव्या असलेल्या मालाचे पैसे जातात हे घेणाऱ्याला त्याच क्षणी कळते.

याचा दुसरा परिणाम चेन्नईत बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याच्या कामी आला. गोदामे सुरुवातीपासून संगणकाने मुख्यालयाशी जोडलेली होती. कोणत्या जिल्ह्यात कोणते औषध किती उचलले गेले याचा आकडा रोज हाती येई. पुढच्या वर्षाच्या निविदेतले प्रमाण टेबलावर बसून अंदाजाने न ठरता खपावरून ठरू लागले. एका गोदामात साठा तुंबला आणि दुसऱ्यात आटला तर माल इकडून तिकडे हलवता येऊ लागला. गोदामात साधारण तीन महिने पुरेल इतका साठा ठेवायचा आणि तो खाली येऊ लागला की पुढची मागणी नोंदवायची, हा नियम खपाचा आकडा खरा असल्याशिवाय चालूच शकत नाही.

निविदा आणि भरवसा

निविदेची पद्धत दोन लिफाफ्यांची. पहिल्या लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रे असतात: उत्पादनाचा परवाना, त्या औषधाच्या उत्पादनाचा आणि विक्रीचा अनुभव, किमान उलाढाल, उत्तम उत्पादन पद्धतीचे प्रमाणपत्र. निविदा उत्पादकानेच भरायची. मधल्या एजंटाला जागा नाही. कागदपत्रे पुरेशी वाटली तरी महामंडळाची माणसे कारखाना पाहायला जातात, आणि जे या चाळणीतून उतरतात त्यांचाच दराचा दुसरा लिफाफा उघडला जातो. सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. त्या उत्पादकाची क्षमता एकूण गरजेपेक्षा कमी असेल, तर पुढच्या क्रमांकाच्या उत्पादकांना त्याच दराने माल देता का असे विचारले जाते आणि जे तयार होतात त्यांना उरलेला हिस्सा मिळतो. एकाच पुरवठादारावर सगळा भार पडू नये ही यातली काळजी.

इथपर्यंतचे बरेचसे नियम इतर राज्यांच्या निविदांतही सापडतात. फरक पडतो तो माल पोचल्यानंतर. राज्य सरकार औषधांची तरतूद महामंडळाच्या हाती आधीच देते. त्यामुळे माल आला, तपासणीत उतरला की पैसे देण्यासाठी पुन्हा कोणाची मंजुरी मागावी लागत नाही. सरकारी खात्याला माल विकणारा लहान उत्पादक आपल्या दरात काय काय मिसळतो ते पाहिले म्हणजे याचे महत्त्व कळते. देयक आठ महिने अडकेल, त्या आठ महिन्यांचे बँकेचे व्याज. देयक पुढे सरकावे म्हणून द्यावे लागणारे पैसे. ते बुडण्याची शक्यता. आणि फेऱ्या मारणाऱ्या माणसाचा पगार. हे सगळे गोळीच्या दरात येते. पैसे वेळेवर मिळतील याची खात्री पटली की हा सगळा भार गळून पडतो, आणि चांगले उत्पादक, जे एरवी सरकारी निविदेकडे फिरकत नाहीत, तेही भाग घेऊ लागतात. स्पर्धा वाढते आणि दर आणखी उतरतो. माल शेकडो दवाखान्यांऐवजी मोजक्या जिल्हा गोदामांवर उतरवायचा असल्याने वाहतुकीचा खर्चही घटतो. म्हणजे दर कमी होण्याच्या कारणांत मालाचे आकारमान हे एक कारण. बाकीची सगळी कारणे व्यवहाराच्या शिस्तीची आहेत.

शिस्त दोन्ही बाजूंनी आहे. माल उशिरा आला तर दंड, पुरवठा केलाच नाही तर अनामत जप्त, आणि बॅच वारंवार नापास झाली तर ते उत्पादन किंवा तो उत्पादक काही वर्षांसाठी काळ्या यादीत. स्वतः वेळेवर पैसे न देणाऱ्या खरेदीदाराने असा दंड लावायचा म्हटले तर पुरवठादार सरळ न्यायालयात जातो किंवा पुढच्या वेळी निविदाच भरत नाही. वेळेवर पैसे देणाऱ्याचा दंड मात्र निमूटपणे भरला जातो.

नमुन्यावरची खूण

गुणवत्तेच्या तपासणीची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. गोदामात आलेला माल लगेच वाटपाला जात नाही. तो वेगळा ठेवला जातो. प्रत्येक बॅचचे नमुने मुख्यालयात पाठवतात. तिथे नमुन्यावरून उत्पादकाचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला जातो, त्याला सांकेतिक क्रमांक दिला जातो आणि मग तो महामंडळाच्या मान्य यादीतल्या खासगी प्रयोगशाळेकडे जातो. आपण कोणाचे औषध तपासत आहोत हे प्रयोगशाळेला कळत नाही, आणि आपला नमुना कोणत्या प्रयोगशाळेत आहे हे उत्पादकाला कळत नाही. नमुना पास झाल्यावरच बॅच वाटपासाठी मोकळी होते आणि त्यानंतरच देयक निघते. शोधायचेच म्हटले तर यातही पळवाटा सापडतील. पण पूर्वी संगनमतासाठी एक दूरध्वनी पुरत असे, तेवढ्यावर आता काम भागत नाही.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. निर्जंतुकतेची चाचणी चौदा दिवसांची असते. सलाईन किंवा इंजेक्शनाची बॅच तेवढे दिवस, आणि नमुन्याच्या प्रवासाचे व अहवालाचे दिवस धरले तर त्याहून जास्त, गोदामात अडकून राहते. साथ आली आणि साठ्याचा अंदाज चुकलेला असला, तर खोकी समोर दिसत असूनही देता येत नाहीत. गोदामपालाला ते दिवस फार जड जात असणार.

डब्यातल्या सुट्या गोळ्यांची जागा पट्ट्यांनी घेतली. प्रत्येक पट्टीवर तमिळनाडू सरकारचा पुरवठा असल्याचे आणि ती विक्रीसाठी नसल्याचे छापलेले असते, सोबत महामंडळाचे बोधचिन्ह. छापील पट्टीचा खर्च थोडा वाढतो, परंतु बाजारातल्या दुकानात तशी पट्टी दिसली तर ती कुठून आली हे विचारावे लागत नाही. रुग्णालाही हातातल्या औषधाचे नाव आणि मुदत वाचता येते. सरकारी गोळी म्हणजे नुसता खडू, ही जी समजूत आपल्याकडे आहे ती मोडण्यात कागदाच्या पुडीची जागा घेणाऱ्या या पट्टीचा वाटा असावा, असे मला वाटते. ते मोजणे अवघड आहे.

औषधांपलीकडे

एकदा गोदामे, निविदा विभाग आणि पैशाची सोय उभी राहिल्यावर तिचा उपयोग इतर खात्यांनी करून घेतला. पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यांची औषधे याच वाटेने येऊ लागली. स्थानिक संस्थांचे दवाखानेही या दरांचा लाभ घेऊ लागले. स्वतःची निविदा काढली तर त्यांना इतक्या कमी प्रमाणावर कोणी विचारलेही नसते. 

यंत्रसामग्रीचा प्रकार अधिक लक्षात घेण्यासारखा आहे. सीटी स्कॅनसारखे यंत्र प्रत्येक रुग्णालयाला परवडत नाही, आणि मिळाले तरी त्याची देखभाल होत नाही. महामंडळाने ही यंत्रे स्वतः विकत घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयांत बसवली, ती चालवली आणि रुग्णांकडून बाजारभावाच्या मानाने फार कमी शुल्क घेतले. सीटी स्कॅनसाठी 500 रुपये आणि एमआरआयसाठी 2,500 रुपये हे दर तिथे दीर्घकाळ परिचित आहेत. आसपासच्या लहान रुग्णालयांचे रुग्णही तिथेच पाठवले जातात. देखभालीचा करार महामंडळाचा असल्याने बिघाड झाल्यावर रुग्णालयाच्या अधीक्षकाला कंपनीच्या मागे लागावे लागत नाही. यंत्र बंद पडल्यावर कापड टाकून ठेवण्याची जी रीत आपण सर्वत्र पाहतो, तिचे मूळ बहुतेकदा अशा कराराच्या अभावात असते.

अपुरे राहिलेले

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या तीन दुखऱ्या जागा झाकल्या जातात. पहिली कमी खपाच्या औषधांची. एखाद्या दुर्मीळ विकाराचे औषध राज्यभर मिळून काही शेकडे कुप्या लागत असेल, तर एकत्रित मागणीचे बळ तिथे उपयोगी पडत नाही. निविदा काढली तरी कोणी भरत नाही, पुन्हा काढावी लागते, आणि शेवटी रुग्णालयाला आपल्या स्थानिक खरेदीच्या दहाव्या हिश्शातून, बाजारभावाने, ते घ्यावे लागते. 

दुसरी जागा सर्वांत कमी दराच्या नियमाची. कच्च्या मालाचा भाव वर्षाच्या मध्यात चढला तर ज्याने अगदी काठावरचा दर भरला आहे तो पुरवठा लांबवतो. दंड भरणे त्याला तोट्यात माल देण्यापेक्षा स्वस्त पडते. त्याच्या जागी दुसऱ्याला बोलवायचे तर तो त्याच दराने यायला तयार नसतो. एकत्रित खरेदीत चूक झाली की तीही एकत्रितच होते. पूर्वी एका जिल्ह्यात टंचाई असे, आता ती एकदम सगळ्या राज्यात जाणवू शकते. पुरवठादारांत हिस्सा वाटून देण्याने हा धोका कमी होतो, पण जिथे दोनच उत्पादक आहेत तिथे वाटणार कोणाला?

तिसरी जागा पासबुकातल्या रकमेचीच आहे. संस्थेचा वाटा तिच्या पूर्वीच्या खपावरून आणि रुग्णसंख्येवरून ठरवायचा म्हटले, तर ज्या केंद्रात डॉक्टर नसल्यामुळे रुग्णच येत नव्हते त्याचा वाटा कमीच राहतो. नवा डॉक्टर आला, रुग्ण वाढले, आणि नोव्हेंबरातच शिल्लक संपली असे होऊ शकते. मागच्या दुर्लक्षाची नोंद पुढच्या वर्षाच्या आकड्यांत तशीच उतरते. 

अनुकरण, आणि महाराष्ट्र

केरळने 2007 मध्ये असे महामंडळ काढले. राजस्थानने 2011 मध्ये महामंडळ स्थापून त्याच वर्षी 2 ऑक्टोबरपासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. तिथे खरेदीची सुधारणा आणि लोकांना दिलेले जाहीर आश्वासन हे दोन्ही एकाच वेळी आल्याने यंत्रणेवर लोकांचा डोळा राहिला, ही गोष्ट तमिळनाडूपेक्षा वेगळी आणि कदाचित अधिक चांगली घडली. नियोजन आयोगाने नेमलेल्या, डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने 2011 च्या आपल्या अहवालात तमिळनाडूच्या धर्तीची खरेदी यंत्रणा इतरत्र उभारावी अशी शिफारस केली.

महाराष्ट्राने 2017 मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांची औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. हाफकिन हे नाव मोठे. मुंबईत परळच्या आवारातल्या मूळ हाफकिन संस्थेला 1899 पासूनचा इतिहास आहे आणि हाफकिन महामंडळ 1975 पासून लसी बनवत आले आहे. परंतु लस बनवणे हा एक व्यवसाय आहे आणि हजारो प्रकारची सामग्री इतरांकडून विकत घेणे हा दुसरा. खरेदी कक्ष हा तिथे मूळ कामाला जोडलेला विभाग राहिला. खरेदी लांबल्याच्या, निधी पडून राहिल्याच्या आणि पुरवठादारांची देयके थकल्याच्या तक्रारी पुढच्या काळात वारंवार आल्या. संस्थांना स्थानिक खरेदीची मुभा वाढवून द्यावी लागली, म्हणजे फट रुंद होत गेली. ई-औषधी ही साठ्याच्या नोंदीची संगणक प्रणाली महाराष्ट्रात होती आणि आहे. साठा दिसत होता; तो भरून काढण्याची साखळी आणि पुरवठादाराला वेळेवर पैसे देण्याची शिस्त तिच्या मागे तेवढ्या बळाने उभी राहिली नाही. तमिळनाडूची निविदा आपण घेतली, पण गोदामाचा, पासबुकाचा आणि आगाऊ निधीचा भाग मागे राहिला, असे मला या दोन अनुभवांची तुलना करताना वाटते.

अखेर 2023 मध्ये राज्याने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. म्हणजे खरेदी हेच एकमेव काम असलेली स्वतंत्र संस्था, जी तमिळनाडूत 1994 मध्ये उभी राहिली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी आली. औषधांचा तुटवडा हे त्याचे कारण असल्याचे सरकारने नाकारले. मृत्यूंची कारणे अनेक होती आणि ती इथे तपासण्याचे प्रयोजन नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र या घटनेची स्वतःहून दखल घेतली, आणि सुनावणीत चर्चा औषधखरेदीच्या यंत्रणेपर्यंत गेली. नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी कधी मिळणार, हा त्यातला एक प्रश्न होता.